प्रभात की बॉम्बे टॉकीज?

दोन्ही चित्रपट स्टुडिओ तीसच्या दशकात गाजले, पण घडण अगदी निराळी. प्रभात १९२९ साली कोल्हापुरात भागीदारीत उभी राहिली. व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर हे कोल्हापूरचे चित्रपटकार बाबूराव पेंटर यांच्या तालमीतले कारागीर. पैशाची बाजू सीताराम कुलकर्णींकडे. १९३३ला बिऱ्हाड पुण्यात आलं. सेट, ध्वनी, फिल्म धुण्याची रसायनशाळा सगळं घरचंच, चित्रीकरणासाठी आवारात तळंसुद्धा खोदलेलं.

१९३४ साली मालाडला आलेली बॉम्बे टॉकीज मात्र मर्यादित कंपनी: संचालक मंडळावर मुंबईची बडी धेंडं, कॅमेऱ्यामागे जर्मन तंत्रज्ञ. दुसरं महायुद्ध लागलं आणि हे जर्मन नजरकैदेत गेले. १९४०मध्ये कंपनीचे संस्थापक हिमांशू राय वारले, पुढे गटबाजी माजली. १९४३ला ‘किस्मत’ चित्रपटानं गल्ला भरला, त्याच वर्षी निर्माते शशधर मुखर्जी, नट अशोककुमार बाहेर पडले आणि त्यांचा ‘फिल्मिस्तान’ स्टुडिओ निघाला. प्रभातचंही तेच, १९४२ला शांतारामांनी मुंबईत परळला स्वतःचा ‘राजकमल’ स्टुडिओ थाटला.

पन्नाशीच्या दशकात दोघींनाही टाळं लागलं. माझं झुकतं माप प्रभातला, आणि ते निव्वळ पुणेरी अभिमानापोटी नाही: तिच्या जागेवर १९६०पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. मालाडच्या आवारात कारखान्यांचे गाळे झाले.