जुना पलंग, तेलाचे डबे आणि घरचा कापूस : घरी केलेल्या सोफ्याचे दहा महिने

डिसेंबरात केलेल्या सोफ्यावर हिवाळा, मे महिना आणि पुरता पावसाळा निघाला, म्हणून आता लिहायला बसले. नवा असताना सोफा कोणाचाही छानच दिसतो. कापूस कुठं दबला, खिळा कुठं गंजला, हे कळायला एक पावसाळा जावा लागतो.

आमचं घर यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात. पुढची सपरी (पडवी) कवेलूची, मागच्या दोन खोल्या स्लॅबच्या. पाहुणा आला की प्लॅस्टिकची खुर्ची पुढं करायची, नाहीतर बाजेवर बसवायचं. सासरे, म्हणजे आमचे मामाजी, गुडघ्यांनी हैराण. बाज खोल जाते, त्यांना उठवायला दोघं लागायचे. बाजारात तीन जणांच्या सोफ्याचा भाव विचारला आणि तसेच परत आलो. घरात मात्र सासूबाईंच्या लग्नातला सागवानी पलंग पडून होता, पट्ट्या तुटलेला. कापसाच्या दोन जुन्या गाद्या होत्या, काथ्याची एक होती, तेलाचे रिकामे डबे होते. फाटक्या ट्यूबा पंक्चरवाल्यानं मागितल्याबरोबर दिल्या. एवढ्यातून एक सोफा, चार स्टूल आणि एक खुर्ची झाली.

सुताराला दीड दिवस लावला. पलंग सहा बाय चार फुटांचा. लांबी तशीच ठेवली, रुंदीतून बसायला २२ इंच घेतले आणि उरलेल्या लाकडाची पाठ केली, थोडी मागं कललेली. पाठ सरळ उभी ठेवू नका, दहा मिनिटांत कंबर बोलते. उंचीत माझी चूक झाली. चौकटीची वरची कड जमिनीपासून १३ इंचांवर होती. गादी चार इंचांची असली तरी बसल्यावर दबते, हे मी धरलंच नव्हतं. मामाजी पहिल्या दिवशी बसले आणि म्हणाले, "सूनबाई, बसाले लय मस्त हाय, पण उठाले हात धरा लागते." दुसऱ्या दिवशी पायांखाली तीन-तीन इंचांचे सागवानी गट्टू ठोकून घेतले. आता बसल्यावर उंची १८ इंचांच्या आसपास राहते आणि ते एकटे उठतात. घरात म्हातारं माणूस असेल तर कापड निवडायच्या आधी त्यांना चौकटीवर उशी ठेवून बसवा, उठवा, मग पाय कापा.

बैठकीला फळी मारली नाही. मोटरसायकलच्या ट्यूबा उभ्या कापून दोन इंचांच्या पट्ट्या काढल्या, साबणानं धुतल्या आणि आडव्या-उभ्या विणून चौकटीला ठोकल्या. पट्टी १८ इंचांची कापून ओढत २१ पर्यंत नेली. सैल ठोकली तर महिन्यात झोळी होते. विणीवर बारदाना ताणून लावला, त्यावर जुन्या गादीतला काथ्या, त्यावर कापसाची गादी. काथ्या मध्ये असला की कापूस पट्ट्यांच्या फटीत शिरत नाही. हा थर मी कधीच काढणार नाही.

पाचव्या महिन्यात मधल्या दोन पट्ट्या खिळ्याच्या भोकापाशी चिरल्या. ओढ सगळी त्या एका भोकावर येत होती. आता पट्टीचं टोक दुमडून दुहेरी केलं, खिळ्याखाली वायसर (वॉशर) घातला. त्यानंतर एकही तुटली नाही. ट्यूब घेताना ती दुमडून पाहा. दुमडीवर बारीक भेगा दिसल्या तर ती वाळलेली आहे, फुकट दिली तरी आणू नका.

आता कापूस. जुन्या दोन गाद्यांचा मिळून १२ किलो निघाला. गादीवाल्याकडून मशीनवर पिंजून आणला तेव्हा दहाच्या आत भरला, बाकी सगळी धूळ. २४ बाय २२ इंचांच्या, चार इंच जाडीच्या एका गादीला अडीच किलो लागला. तीन गाद्यांना साडेसात, उरलेला स्टुलांना. थोडा घरचा कवडी, म्हणजे हलक्या प्रतीचा, कापूसही घ्यावा असं मनात होतं. सासूबाईंनी तो आधी चार दिवस कडक उन्हात टाकायला लावला. घरात साठवलेल्या कापसानं अंगाला कशी खाज सुटते हे आपल्याकडच्या कोणाला सांगायला नको. तोच कापूस गादीत भरून त्यावर लेकरं बसवायची म्हणजे काळजीच. सरकी हातानं काढली. एका किलो कापसातून जेमतेम पाव किलोच्या वर रुई मिळाली आणि दोन संध्याकाळी गेल्या. हे काम वाटतं त्याच्या दुप्पट आहे, आणि अर्धवट करता येत नाही. का, ते पुढं सांगते.

गादीला टाके घालायला विसरू नका. दाभण आणि सुतळीनं दर सहा इंचांवर आरपार टाका मारला की कापूस जागचा हलत नाही. मी दोन गाद्यांना टाके घातले, तिसरीला कंटाळा केला. मार्चपर्यंत त्या तिसरीचा मधला भाग बसला आणि कडेला गोळे झाले. टाके घातलेल्या दोन्ही अजून सपाट आहेत.

पाठीच्या उशांत काटेसावरीचा कापूस भरला. एप्रिलमध्ये शेताच्या बांधावर बोंडं फुटतात, ती फुटायच्या थोडं आधी तोडून आणली आणि मच्छरदाणीत बसून भरली, नाहीतर अर्धा उडून जातो. हा कापूस इतका हलका की उशी हातात धरली तरी वजन जाणवत नाही, आणि पावसाळ्यात ओल धरत नाही. सहा महिन्यांत मात्र त्याचा थोडा भुगा झाला. पाठीला चालेल, बैठकीला घालू नका.

मला सगळ्यात जास्त जे सांगायचं आहे ते खोळीबद्दल. सोफ्याच्या गाद्यांच्या खोळी मी मागून उघड्या ठेवल्या आणि नाड्या लावल्या, उशीच्या अभ्र्यासारख्या. खुर्चीची बैठक मात्र दुकानात पाहिली तशी केली: फोम, त्यावर रेक्झिन, खालून पक्कं ठोकून बंद, कडांना डिंक. डिसेंबरात पाहुणे खुर्चीकडेच बघायचे. मे महिन्यात ४५ अंशांत त्या रेक्झिनवर कोणी बसेना, पाठ घामानं चिकटते. जुलैत खालच्या पिना गंजून निघाल्या. ऑगस्टमध्ये एका कोपऱ्यात ओल गेली, तर आतला फोम वाळवायला रेक्झिन फाडावं लागलं. सोफ्याच्या गाद्या त्याच ऑगस्टमध्ये तीनदा खोळीतून काढून उन्हात टाकल्या आणि परत बांधल्या. नाडी सोडायला दोन मिनिटं लागतात. आपल्याकडं कवेलूतून रोज माती झरते, कुलर आठ महिने माळ्यावर आणि चार महिने घरात असतो, पावसाळ्यात भिंती ओल्या असतात. अशा घरात जे उघडता येत नाही ते टिकत नाही. वाकळ आपण धुतो, उन्हात टाकतो, वरून नवं लुगडं लावून पुन्हा शिवतो. खुर्चीची बैठकही तशीच करायला हवी होती, हे मला ती फाडताना कळलं.

फोम वाईट असतो असं नाही. ४० डेन्सिटीचा चार इंच फोम मी घेतला, दहा महिन्यांत तो तसूभर बसला नाही. मामाजींना तोच आवडतो. आता त्यावर सुती खोळ घातली आहे, नाडीची. कापसाला दरवर्षी पिंजाई आहे, फोमला ती नाही. ज्यांना उन्हात टाकायला अंगण नाही त्यांनी फोमच घ्यावा.

कुलरचं वेगळं सांगायलाच हवं. एप्रिलमध्ये सोफा कुलरसमोर होता. पंधरा दिवसांत त्या बाजूच्या गादीला कुबट वास यायला लागला, खोळीवर काळे ठिपके आले. कापूस हवेतली ओल ओढतो आणि कुलर दिवसभर ओली हवाच फेकतो. सोफा बाजूच्या भिंतीकडं सरकवला, गादी चार उन्हं खाल्ल्यावर वास गेला, ठिपके राहिले.

स्टुलांना १५ किलोचे तेलाचे डबे वापरले. डब्याची उंची साधारण ३५ सेंटिमीटर, वर फळी आणि गादी आली की बरोबर बसायची उंची होते. रिकाम्या डब्याचा पत्रा दबतो, म्हणून आत चारही कोपऱ्यांत बांबूच्या चिपा उभ्या केल्या; भार चिपांवर येतो. आधी डबे सोड्याच्या गरम पाण्यानं दोनदा धुतले, नाहीतर खवट तेलाचा वास खोळीत उतरतो. सपरी सारवलेली असल्यामुळं तळ गंजायला लागला. जुन्या चपलांचे रबरी तळवे कापून खाली लावले आणि ते थांबलं. आमची पोरं अभ्यासाला, शेजारच्या काकू पापड लाटायला हेच स्टूल नेतात. सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त वापर यांचाच झाला.

फवारणीच्या औषधाचे डबे, बाटल्या, खोके मात्र कितीही मजबूत दिसले तरी घेऊ नका, धुऊनही नाही. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. ते घरात, लेकरांच्या बसण्याखाली नको. युरियाचं पोतंही मी एका स्टुलाच्या फळीखाली लावून पाहिलं. धुतलं होतं, तरी पावसाळ्यात ते ओलसर राहिलं आणि त्याच्या चुका (बारीक खिळे) बाकीच्यांच्या आधी गंजल्या. तुरीचं किंवा गव्हाचं बारदान बरं.

उंदरांनी एकदाच नुकसान केलं. कवडी कापूस भरलेल्या स्टुलात आमच्याकडून थोडी सरकी राहून गेली होती. सप्टेंबरात नेमकं तेच स्टूल कुरतडलं, शेजारचे तीन तसेच. सरकी अर्धवट काढून चालत नाही म्हटलं ते यासाठी.

सोफ्याच्या पाठीला उधई, म्हणजे वाळवी, लागली. सोफा मातीच्या भिंतीला टेकून होता. सागवानाच्या गाभ्याला तिनं हात लावला नाही, पण पाठीत मी खोक्याच्या पांढऱ्या लाकडाची एक पट्टी वापरली होती ती आतून पोकळ करून टाकली. बोटानं दाबली तर भुगा. आता पट्टी सागवानी आहे आणि सोफा भिंतीपासून चार बोटं पुढं आहे.

खर्च सांगते: सुतार ९००, पिंजाई ४८०, सुती कापड ५५०, फोम ८००, चुका-सुतळी-दाभण १५०. एकूण २,८८०, आणि खुर्चीच्या रेक्झिनचे वेगळे, ते वाया गेले. वेळ मात्र महिनाभराच्या संध्याकाळी. ज्यांच्या घरी जुनं सागवान नाही त्यांना हा हिशेब लागू नाही. लाकूड विकत घेऊन करायचं असेल तर बाजारचा साधा लाकडी सोफा घेऊन फक्त गाद्या घरी कराव्यात.

सासूबाई आधी नाराज होत्या, पलंग कापला म्हणून. करवत लागली तेव्हा त्या आत निघून गेल्या होत्या. मी त्यांना आधी नीट विचारायला हवं होतं, नुसतं सांगायला नको होतं. पलंगाच्या डोक्याकडची नक्षीची फळी सुताराकडून न कापता पाठीच्या मधोमध बसवून घेतली. दुपारी त्या तिथंच बसतात, त्या फळीला टेकून.

पाऊस उघडल्यावर परवा तिन्ही गाद्या सोडून अंगणात बाजेवर टाकल्या. टाके न घातलेली पूर्ण उसवली, गोळे हातानं मोकळे केले, कापूस दुपारपर्यंत चांगला फुगून आला. त्यात अर्धा किलो रुई वाढवायची आहे. वेचणी सुरू झाली की पहिल्या स्वच्छ कापसातून बाजूला काढीन, आणि या वेळी टाके घालून मगच खोळ चढवीन.