बफर आपोआप वाढू द्यावा की जागा आधीच धरावी?

हिंगणघाटकडच्या एका जिनिंगमध्ये काट्याच्या पावत्यांचं जावा या प्रोग्रामिंग भाषेतलं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. बफर म्हणजे माहिती तात्पुरती साठवायची मेमरीतली जागा. दोन्ही पद्धती मी तिथे वापरून पाहिल्या आहेत.

आपोआप वाढणाऱ्या पद्धतीत डोकं लावावं लागत नाही. अरेलिस्ट, म्हणजे जावातली वाढती यादी, १० जागांपासून सुरू होते आणि भरली की दीडपट होते. १ लाख पावत्यांपर्यंत ती २३ वेळा वाढते, पण दर वेळी फक्त संदर्भ (पावती मेमरीत कुठे आहे त्याचे पत्ते) हलतात, पावत्या नाहीत. त्याचा त्रास मला कधी जाणवला नाही.

त्रास दिला तो बाइटअरेआउटपुटस्ट्रीमने, म्हणजे लिहिलेले बाइट मेमरीत जमवणाऱ्या जावाच्या बफरने. सर्व्हरला एकूण लांबी आधी कळवावी लागते, म्हणून हंगामाच्या सगळ्या पावत्या मेमरीत एकत्र बांधायच्या. पावतीमागे ४०० बाइट धरले तर १ लाखांचे ४० एमबी. हा बफर ३२ बाइटांपासून दुप्पट होत जातो. ३२ एमबी भरले की ६४ चा नवा घेतो, आणि मजकूर हलेपर्यंत दोन्ही मेमरीत असतात. लहान कणगीतली ज्वारी मोठीत ओतताना दोन्ही कणग्या घरात लागतात, तसंच. म्हणजे ४० च्या कामाला ९६ एमबी! आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर हीप (प्रोग्रामला मिळालेली मेमरी) २५६ एमबीची, त्यात पावत्यांचे ऑब्जेक्टही. ऐन दिवाळीनंतर, काट्यावर बंड्यांची रांग असताना मेमरी संपली आणि पावत्या अडल्या. अंधार पडत आलेला, कास्तकारांना गावी परतायचं. ती संध्याकाळ मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून नोंदींची संख्या गुणिले सरासरी लांबी, वर थोडी जास्त, एवढी जागा मी सुरुवातीलाच मागतो. शेवटी सगळ्या बाइटांची नवी प्रत काढणारं टूबाइटअरे न वापरता राइटटूने बफरमधूनच थेट सर्व्हरकडे पाठवतो, म्हणजे आणखी एक ४० एमबीची प्रत टळते. त्यानंतर तो एरर आला नाही. वेळ मोजलेला नाही, पण काटा आता थांबत नाही.

रोजच्या शे-दोनशे नोंदी असतील तर बदल करायची गरज नसावी. साठवलेली माहिती परत वाचताना मात्र जपा. मेसेजपॅक आणि जेसॉन हे माहिती साठवायचे दोन प्रकार. ॲरेत, म्हणजे यादीत, किती नोंदी आहेत ते मेसेजपॅक आधी सांगतं, जेसॉन सांगत नाही. आणि बाहेरून आलेल्या संख्येवर डोळे मिटून जागा धरू नका, कमाल मर्यादा ठेवा. बिघडलेली फाइल ४ अब्जही सांगू शकते.

हॅशमॅपला, म्हणजे नावावरून नोंद शोधून देणाऱ्या जावाच्या तक्त्याला, सुरुवातीची जागा १००० सांगितली तरी तो ७६८ नोंदींनंतर वाढतोच, कारण १०२४ खणांपैकी ७५ टक्केच भरतो. जावा १९ पासून त्यासाठी न्यूहॅशमॅप ही मेथड आहे. तिथे नोंदींची खरी संख्या द्या.