टॉर्क रेंच: १४ महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या वर्षीच्या दसऱ्याला टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट ठरवलेल्या जोराइतकाच आवळायचा पाना, घेतला, त्याला आता १४ महिने झाले, गाडी साधारण ११ हजार किलोमीटर फिरली, म्हणून म्हटलं आता लिहायला हरकत नाही. घेतल्यावर आठ दिवसांत लिहिलेल्या कौतुकावर भरवसा ठेवून मी एकदा हवेचा पंप घेतला होता आणि तो पहिल्याच उन्हाळ्यात बंद पडला, त्यामुळं हे लिहायची घाई केली नाही.

मी लातूरचा. गाडी म्हणजे मोटारसायकल, ४११ सीसीची, पुढं २१ इंची चाक, मागं १७, स्पोक आणि ट्यूबवाली, ज्यांच्याकडं आहे त्यांना नाव सांगायची गरज नाही. रेंच ३/८ ड्राइव्हचा, म्हणजे सॉकेट बसतं तो चौकोन ३/८ इंचाचा, क्लिकवाला, रेंज १० ते ६० न्यूटन मीटर, किंमत २,९०० पडली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण याच बनावटीचा माल तीन-चार वेगवेगळ्या नावांनी मिळतो, फक्त डब्याचा रंग बदलतो.

आधी का घेतला ते सांगतो, कारण त्याशिवाय एवढे पैसे एका पान्याला घालण्यात काय अर्थ ते कळणार नाही. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात आम्ही चौघंजण सहस्रकुंडला निघालो होतो, लातूरहून नांदेड, पुढं भोकर, हिमायतनगर करत इस्लापूरकडं, पैनगंगेला पाणी भरपूर होतं त्या दिवसांत. तीनच दिवस आधी गाडी सर्व्हिसिंगहून आणली होती, ऑइल नवीन, फिल्टर नवीन, सगळं ओके. भोकरच्या अलीकडं चहाला थांबलो तर मागच्या गाडीवरचा दोस्त म्हणाला, तुझ्या बुटाला काय लागलंय बघ. बघतो तर डाव्या बुटावर ऑइलचे थेंब आणि इंजिनखाली सगळं ओलं. हात लावला तर ड्रेन प्लग, म्हणजे ऑइल काढायच्या भोकाचा बोल्ट, बोटानं फिरतोय, इकडंही फिरतोय आणि तिकडंही फिरतोय, आवळत मात्र कुठंच नाही. आटे गेले होते. प्लगचे नाही, इंजिनच्या ॲल्युमिनियमचे.

तिथल्या एका मेकॅनिकमामांनी प्लग बाहेर काढून दाखवला, आट्यांमध्ये ॲल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळलेली, स्प्रिंगसारखी. ती तार म्हणजे माझ्या इंजिनचा भाग होता. मामांनी टेफलॉन टेप गुंडाळून प्लग बसवला, ऑइल टाकलं आणि सांगितलं की पन्नासच्या वर जाऊ नका, दर वीस किलोमीटरला खाली वाकून बघा. धबधबा न बघता तसाच परत आलो, लातूर गाठायला रात्र झाली. नंतर एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडं हेलिकॉइल बसवून घेतलं, म्हणजे खराब आटे कापून तिथं स्टीलच्या तारेचे नवे आटे बसवतात. ते काम पक्कं झालंय, आजपर्यंत एक थेंब नाही. ज्यांनी सर्व्हिसिंग केलं होतं त्यांच्याकडं गेलो तर म्हणाले, गाडी आमच्याकडून ओके गेली होती. भांडायला वेळही नव्हता आणि माझ्याकडं पुरावाही नव्हता. पण त्या दिवशी ठरवलं की इंजिनच्या बोल्टला यापुढं दुसऱ्याचा हात लागणार नाही.

आता टॉर्क म्हणजे काय ते साध्या भाषेत. पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला १० किलो वजन टांगलं तर नटाला फिरवणारा जोर, म्हणजे टॉर्क, साधारण २४-२५ न्यूटन मीटर होतो. इंजिनमधल्या बऱ्याच बोल्टांना एवढाच किंवा याहून कमी लागतो, ६ मिमीच्या बोल्टला तर साधारण १० च. आणि आपल्याकडं पान्यावर अर्धा मीटरचा पाइप चढवून ४० किलोचा जोर मारला की जवळपास २०० होतात. कुणी मुद्दाम करत नाही हो, पण "अजून एक मार, सुटायला नको" ही आपली शिकवणच आहे. आमचे अण्णा शेतातल्या मोटारीचे फ्लँज, म्हणजे पाइप जोडायच्या चकत्या, असेच आवळतात, दात-ओठ खाऊन, आणि तिथं ते चालतं कारण तिथं बीड म्हणजे ओतीव लोखंड आणि साधं लोखंड आहे. ॲल्युमिनियमला ते चालत नाही. सुटलेला बोल्ट परत आवळता येतो, गेलेल्या आट्याला मात्र लेथवालाच लागतो.

रेंचवर आकडा लावायचा, सॉकेट चढवायचं, मुठीच्या मधोमध जिथं खूण आहे तिथंच धरायचं आणि हळू, एका दमात ओढायचं. आकड्याला पोचला की कट्ट होतं आणि हाताला हलका झटका बसतो. तिथंच थांबायचं. खात्री म्हणून परत एकदा कट्ट करणारे लई जण बघितलेत, तसं केलं की दुसऱ्या वेळी ताण आणखी वाढतो आणि रेंच घेतल्याचा उपयोगच राहत नाही. पहिल्या दिवशी मी ड्रेन प्लग आवळत होतो तेव्हा अण्णा बाजूला उभे, म्हणाले, "काय करलालास रे एवढं हळू?" कट्ट झालं तर म्हणाले, "झालं? एवढ्यातच?" मलाही तसंच वाटलं होतं. एवढ्यातच झालं यावर विश्वास बसायला दोन ऑइल चेंज गेले, दर राइडनंतर खाली पुठ्ठा टाकून बघायचो सकाळी.

यातून कळलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे घर्षण. आपण जो जोर लावतो त्यातला साधारण निम्मा बोल्टच्या डोक्याखाली घासण्यात जातो, चाळीसेक टक्के आट्यांच्या घासण्यात, आणि खरं आवळण्याच्या कामी येतात जेमतेम दहा टक्के. म्हणजे आट्यांना ऑइल लागलेलं असेल तर घासणं कमी होतं आणि त्याच आकड्याला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. मॅन्युअलमध्ये वेगळं लिहिलेलं नसेल तर आकडा कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठीच धरायचा. ड्रेन प्लगला तर ऑइल असणारच, म्हणून मी प्लगचे आटे आणि भोकातले आटे दोन्ही कापडानं पुसून घेतो, नवीन वॉशर टाकतो, आधी हातानं पूर्ण बसवतो आणि शेवटी रेंच. हातानं फिरत नसेल तर तो तिरका चाललाय, तिथं रेंचला हातच लावायचा नाही. स्पार्क प्लगलाही हेच. १२ मिमी आट्याच्या प्लगला ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये १५ ते २० न्यूटन मीटर पुरतात, आणि जुन्या सवयीनं जो हात आपला चालतो तो सहज तीसच्या पुढं जातो, हे मी माझाच हात रेंचवर तपासून बघितल्यावर कळलं.

बाकी कामं काय केली तर ऑइल तीन वेळा, स्पार्क प्लग एकदा, पुढच्या कॅलिपरचे बोल्ट ब्रेक पॅड बदलताना, हँडलच्या क्लॅम्पचे बोल्ट, क्रॅश गार्ड, मागचं कॅरियर. कॅरियरचं खास सांगतो, आमच्याकडच्या रस्त्यांवर सामान बांधून हजार किलोमीटर झाले की चारपैकी एखादा बोल्ट ढिला सापडायचाच आणि मी प्रत्येक वेळी अजून जोरात आवळायचो. आता चारही बोल्ट सारख्या आकड्याला, तेही कोपऱ्याला कोपरा असे, आणि ८ मिमीवाल्यांना निळं थ्रेडलॉक, म्हणजे आटे सुटू नयेत म्हणून लावायचा डिंक, लावतो, तेव्हापासून ढिले झालेले नाहीत. थ्रेडलॉक ओलं असतं म्हणून आकडा थोडा खाली धरतो.

चेनसाठी मात्र हा रेंच कमी पडतो. चेन टाइट करायला मागच्या ॲक्सलचा नट ढिला करून परत आवळावा लागतो आणि तो याच्या रेंजच्या बाहेर आहे, त्याला १/२ ड्राइव्हचा मोठा लागतो, तो मी आमच्यातल्या एकाचा आणतो. पावसाळ्यात काळ्या मातीतून एकदा गाडी काढली की चेनवर जो लगदा बसतो तो वाळला की सिमेंट होतो, डिझेलनं मऊ ब्रशनं धुवायचा, तारेचा ब्रश आणि पेट्रोल ओ-रिंगच्या, म्हणजे कड्यांमध्ये रबरी रिंगा असलेल्या, चेनला लावायचंच नाही, मग पुसून ९० नंबरचं गिअर ऑइल. चेन टाइट करताना चाक फिरवून सगळ्यात घट्ट जागा शोधायची आणि ढिलाई तिथं मोजायची. ॲक्सल आवळताना चाक एका बाजूला सरकतं, म्हणून आवळल्यावर परत मोजायचं. हे न करता निघालो होतो परांड्याला, किल्ला बघून येताना चेनचा आवाज यायला लागला तेव्हा कळलं.

आता या रेंचचे दोष. एक, आकडे दिसत नाहीत. क्रोमवर कोरलेत, उन्हात चमकतात, सावलीत काळे पडतात, वर न्यूटन मीटर आणि फूट पाउंड दोन्ही शेजारी शेजारी. मी पोराचा पांढरा खडू घेऊन कोरलेल्या जागेत घासला आणि वरून पुसला, आता न्यूटन मीटरची बाजू नीट दिसते, दर दोन-तीन महिन्यांनी परत घासावा लागतो. दोन, डब्याचं बिजागर सहाव्या महिन्यात तुटलं, आता सायकलच्या ट्यूबची पट्टी लावून बंद करतो. उन्हाळ्यात आमच्याकडं धूळ एवढी की डबा उघडा राहिला तर रॅचेट कुरकुरायला लागतो.

तिसरा दोष खरा महत्त्वाचा. खालच्या टोकाला, म्हणजे १० ते १५ च्या मधे, कट्ट फार हलकं होतं. गणपतीत क्लच कव्हरचे ६ मिमीचे बोल्ट आवळत होतो, गल्लीत मिरवणूक आली, ढोल आणि डीजे दोन्ही, आवाज काही ऐकू येईना आणि झटकाही हाताला कळला नाही, ओढत गेलो आणि बोल्टचं डोकंच हातात आलं. राहिलेला तुकडा बाहेर होता थोडा, पक्कडीनं निघाला, नाहीतर परत लेथवाला. तेव्हापासून ६ मिमीचे बोल्ट मी या रेंचनं आवळत नाही. कोणताही रेंच रेंजच्या तळाला भरवशाचा नसतो, खालचा वीस टक्के भाग सोडूनच वापरायचा. तुम्ही घेणार असाल तर हे आधी बघा की तुम्हाला लहान बोल्ट जास्त आवळायचेत की मोठे, एका रेंचमध्ये दोन्ही होत नाही. आणि जाम झालेला बोल्ट उघडायला हा कधीच वापरू नका, कुणाला उसना देताना हे तोंडानं सांगून द्या.

काम झालं की आकडा सगळ्यात खाली आणून ठेवायचा, स्प्रिंग ताणलेली राहू द्यायची नाही. पण सगळ्यात खालच्या आकड्याच्याही खाली फिरवून मोकळा करायचा नाही.

तपासणीचं विचारतात बरेच जण. नियम असा की वर्षातून एकदा किंवा ५,००० क्लिक झाले की कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा खरा आहे का ते तपासून घेणं, आणि १० न्यूटन मीटरच्या वरच्या क्लिकवाल्या रेंचला चार टक्के फरक चालतो. लॅबला पाठवायचा खर्च रेंचच्या किमतीच्या मानानं परवडत नाही म्हणून मी घरीच बघतो. रेंचचा चौकोनी भाग व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलाच्या शिकंज्यात, पकडायचा, रेंच आडवा सरळ, मुठीवरच्या खुणेला दोरी, दोरीला प्लास्टिकची बादली. माझ्या रेंचला चौकोनाच्या मध्यापासून खुणेपर्यंत बरोबर ३० सेंटिमीटर अंतर आहे. आकडा २४ ला लावला तर हिशोबानं ८.१५ किलो टांगल्यावर कट्ट व्हायला पाहिजे, पण रेंचचं स्वतःचं वजनही खाली ओढतं, ते माझ्या रेंचला मुठीपाशी ३५० ग्रॅमसारखं पडतं, म्हणजे बादली ७.८ किलोला आली की झालं. मग मगानं पाणी ओतत राहायचं, शेवटी शेवटी वाटीनं, आणि कट्ट झालं की बादली तशीच उचलून सामान मोजायच्या काट्याला लावायची. काटा आधी किराणा दुकानातल्या पाच किलोच्या वजनानं तपासून घेतलाय. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हापासून आमच्या घरात पाणी सांडलेलं कुणाला बघवत नाही, म्हणून हीच बादली नंतर गाडी पुसायला.

नवीन असताना ७.९ किलोला कट्ट झालं होतं. मागच्या रविवारी परत केलं, तीन वेळा, तिन्ही वेळा ८.१ च्या आसपास. म्हणजे २४ लावले की साधारण २४.९ लागतात, साडेतीन टक्क्यांच्या वर गेलाय, चारच्या आत आहे. मार्चमध्ये माहूरला जायचंय, त्याआधी ऑइल बदलायचं आहे, तेव्हा आधी बादली टांगणार, चारच्या पुढं गेला तर हा रेंच कॅरियर आणि क्रॅश गार्डला ठेवून इंजिनसाठी नवीन घेणार. अण्णा बादलीचं सगळं बघत बसले होते, म्हणाले नवीन घेशील तेव्हा मोठा बघ, मोटारीच्या फ्लँजला पण लावून बघू.