सुया, आम्ल की लेझर : मुरुमांच्या खुणांसाठी उपचार निवडताना

चेहऱ्यावरचे मुरुमांचे खड्डे किंवा काळे डाग घालवण्यासाठी सोलापुरातील त्वचारोगतज्ज्ञाकडे गेलेल्या व्यक्तीसमोर साधारणपणे चार पर्याय येतात : रासायनिक पील (आम्ल लावून त्वचेचा वरचा थर काढणे), मायक्रोनीडलिंग (त्वचेत बारीक सुया टोचणे), फ्रॅक्शनल लेझर (लेझरने ठिपक्याठिपक्यांनी इजा करणे) आणि स्वतःच्या रक्तातील प्लेटलेट्सपासून तयार केलेले पीआरपी. यंत्रे वेगळी, दर वेगळे आणि जाहिरातीही वेगळ्या. परंतु यांपैकी एकही उपचार नवी त्वचा बाहेरून आणून बसवत नाही. पहिले तीन उपचार त्वचेला मोजूनमापून इजा करतात, चौथा त्या इजेनंतर जे घडते त्याला हातभार लावतो, आणि उरलेले काम शरीर स्वतः करते. त्यामुळे यंत्र किती अद्ययावत आहे यापेक्षा जखम किती खोल होणार, आपली त्वचा जखमेनंतर किती काळवंडते आणि त्या जखमेला आपण किती दिवस उन्हापासून दूर ठेवू शकतो, या तीन प्रश्नांवर निवड ठरवणे शहाणपणाचे आहे.

जखम झाल्यावर काही मिनिटांतच प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या सूक्ष्म कणिका, तेथे गोळा होऊन रक्तस्राव थांबवतात आणि दुरुस्तीला चालना देणारे घटक सोडतात. पुढचे काही दिवस दाहाचे असतात. चेहरा लाल होतो, किंचित सुजतो, आणि हा भाग टाळता येत नाही, कारण दाह नसेल तर पुढची दुरुस्तीही सुरू होत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून सुमारे तीन आठवडे फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी नवे कोलॅजन, म्हणजे त्वचेला बळकटी देणारे तंतुमय प्रथिन, तयार करतात. या सुरुवातीच्या कोलॅजनात प्रकार ३ चे प्रमाण बरेच असते. त्यानंतर कित्येक महिने, कधी वर्षभरही, त्याची जागा प्रकार १ चे मजबूत कोलॅजन घेत राहते. निरोगी त्वचेत हे तंतू एकमेकांत विणलेले असतात, तर जुन्या व्रणात ते बहुतांशी एकाच दिशेने पडलेले असतात. उभे धागे भरले पण आडवे घातलेच नाहीत, अशा कापडासारखी ती जागा असते. उपचारातील नेमकी इजा ही वीण पुन्हा घालण्याची संधी देते. दोन बैठकांमध्ये चार ते सहा आठवड्यांचे अंतर याच कारणाने ठेवतात, आणि शेवटच्या बैठकीनंतर तीन ते सहा महिन्यांनीच खरा परिणाम जोखता येतो. दुसऱ्याच दिवशी त्वचा भरलेली दिसते ती बहुधा सुजेमुळे, हे ‘आधी आणि नंतर’ची छायाचित्रे पाहताना लक्षात ठेवावे.

पहिली निवड डाग आणि खड्डा यांत करावी लागते. सपाट काळा डाग हा रंगद्रव्याचा प्रश्न असून तो मुख्यतः त्वचेच्या वरच्या थरात असतो, आणि तेथे पील उपयोगी पडते. ग्लायकोलिक आम्लाचे पील वेळेवर निष्प्रभ करावे लागते, त्यामुळे ते लावणाऱ्याचे घड्याळाकडे लक्ष हवे. २० ते ३० टक्के सॅलिसिलिक आम्लाचे पील स्वतःच थांबते आणि तेलकट, मुरुमे येणाऱ्या त्वचेला अधिक मानवते. दोन्हींनंतर दोन ते पाच दिवस हलकी पापडी निघते, पण कामाला जाता येते. खड्डा मात्र खालच्या थरातील कोलॅजनच्या नाशामुळे पडलेला असतो आणि वरवरच्या पीलने तो भरून येत नाही. खड्ड्यांसाठी अशा पीलच्या बैठकांचे पॅकेज सुचवले जात असेल, तर ते नाकारायला हरकत नाही.

खड्ड्यांच्या बाबतीत खरी तुलना मायक्रोनीडलिंग आणि फ्रॅक्शनल लेझर यांच्यात आहे, आणि तेथे थोडे थांबायला हवे. १९९५ मध्ये ओरेन्ट्राइक पिता-पुत्रांनी व्रणाखाली सुई फिरवून खाली ओढणारे तंतू तोडण्याची सबसिजन ही पद्धत मांडली. १९९७ मध्ये कॅमिरँड आणि डुसे यांनी गोंदण्याच्या यंत्राने, पण रंग न वापरता, व्रणांवर सुया टोचल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. पुढे दक्षिण आफ्रिकेतील प्लास्टिक सर्जन डेस्मंड फर्नांडिस यांनी सुयांचा रोलर प्रचारात आणला. मुरुमांच्या खड्ड्यांसाठी साधारणतः दीड ते दोन मिलिमीटर खोलीपर्यंत सुया जातात. बधिर करणारे मलम तासभर आधी लावतात; बैठकीत बारीक रक्तबिंदू येतात, लाली एक ते तीन दिवसांत ओसरते. येथे उष्णता नसते आणि वरचा थर जवळजवळ शाबूत राहतो, ही या पद्धतीची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

फ्रॅक्शनल पद्धत २००४ मध्ये मॅनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी मांडली. संपूर्ण पृष्ठभाग जाळण्याऐवजी उष्णतेचे असंख्य सूक्ष्म स्तंभ करायचे आणि त्यांच्यामधली त्वचा अस्पर्श ठेवायची, म्हणजे त्या निरोगी भागातून पेशी सरकत येऊन जखम लवकर भरते, अशी ती कल्पना आहे. कार्बन डायऑक्साइड लेझरची १०,६०० नॅनोमीटरची लहर त्वचेतील पाण्यात शोषली जाते, ऊतक वाफ होऊन उडते आणि भोवतालचे कोलॅजन आकसते. एका बैठकीत मिळणारा परिणाम सुयांपेक्षा सहसा अधिक दिसतो. त्याची किंमत मात्र दोन-तीन दिवसांची सूज, आठवडाभराच्या बारीक काळपट खपल्या आणि त्यानंतरही टिकणारी लाली अशी मोजावी लागते.

गहूवर्णी आणि सावळ्या त्वचेसाठी या तुलनेत निर्णायक मुद्दा वेगळाच आहे. आपल्या त्वचेतील रंगपेशी दाहाला रंगद्रव्य वाढवून उत्तर देतात. उष्णता आणि दाह जितका जास्त, तितकी उपचारानंतर काळवंडण्याची शक्यता जास्त. हा काळेपणा लगेच दिसत नाही. तो दोन ते चार आठवड्यांनी उमटतो आणि काही महिने राहू शकतो. खड्डा थोडा भरला, पण त्याच जागी डाग बसला, तर उपचारावर समाधान मानणे कठीण जाते. म्हणून आपल्याकडील बहुतेकांनी सुरुवात सुयांनी करावी आणि तीन-चार बैठकांनंतर प्रगती थांबलेली दिसली तरच लेझरकडे वळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांचा खर्च करण्याचा विचार पक्का आहे त्यांनी मधला पर्याय म्हणून मायक्रोनीडलिंग रेडिओफ्रीक्वेन्सीचा, म्हणजे सुयांतून रेडिओलहरींची उष्णता देणाऱ्या पद्धतीचा, विचार करावा; तिच्यात इन्सुलेटेड (टोक सोडून आवरण असलेल्या) सुया असतील तर उष्णता सुईच्या टोकाशी, खालच्या थरात सोडली जाते आणि वरचा थर बराचसा वाचतो.

सगळे खड्डे एका जातीचे नसतात, हेही तपासून घ्यावे. अरुंद आणि खोल, सुईने टोचल्यासारख्या खड्ड्यांना मायक्रोनीडलिंगचा आणि लेझरचाही मर्यादित उपयोग होतो. त्यांच्या तळाशी तीव्र ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्लाचा बिंदू टेकवण्याची ‘क्रॉस’ पद्धत अधिक प्रभावी ठरते. लाटेसारख्या उथळ खड्ड्यांना खालून धरून ठेवणारे तंतू तोडल्याशिवाय ते वर येत नाहीत, तेथे सबसिजन हवे. एकाच चेहऱ्यावर दोन-तीन प्रकार असतातच. सरसकट एकच यंत्र फिरवणारा दवाखाना हे पाहतो की नाही, ते विचारावे.

पीआरपीबद्दल थोडक्यात सांगता येईल. दहा-वीस मिलिलिटर रक्त फिरवून त्यातील प्लेटलेट्सचा दाट भाग वेगळा काढतात आणि तो त्वचेत टोचतात किंवा सुया फिरवल्यानंतर वरून लावतात. सुयांना जोड म्हणून तो घेण्यात अर्थ आहे. खड्ड्यांवर केवळ पीआरपीच्या भरवशावर राहू नये.

काहींनी यांपैकी काहीही लगेच करू नये. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेले, स्टिरॉइड मिसळलेले ‘गोरेपणा’चे मलम ज्यांनी महिनोन्महिने लावले आहे, त्यांची त्वचा पातळ झालेली असते, आणि ज्या दुरुस्तीवर हे सारे उपचार अवलंबून आहेत तीच दुरुस्ती स्टिरॉइड दाबून टाकते. अनियंत्रित मधुमेह आणि धूम्रपान यांनी जखम रेंगाळते. केलॉइडची (व्रण जखमेबाहेर वाढून जाड होण्याची) प्रवृत्ती, चालू असलेली पिकलेली मुरुमे किंवा संसर्ग, रक्त पातळ करणारी औषधे, गर्भारपण, तसेच कोड किंवा सोरायसिस यांची माहिती डॉक्टरांना आधीच द्यावी. कोड आणि सोरायसिस हे आजार इजेच्या जागी नव्याने उमटू शकतात. ओठांवर हर्पिस विषाणूचे फोड येत असतील, तर लेझरपूर्वी विषाणूविरोधी गोळ्या घ्याव्या लागतात. मुरुमांवरचे आयसोट्रेटिनॉइन हे औषध घेणाऱ्यांना पूर्वी सरसकट सहा महिने थांबवत असत. २०१७ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञांनी हा नियम सैल केला, मात्र संपूर्ण चेहऱ्याचे खोल लेझर आणि यांत्रिक घर्षण यांबाबतची सावधगिरी त्यांनीही कायम ठेवली.

आता ऋतू. सोलापुरात मार्चपासूनच ऊन तापू लागते आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळीस अंशांच्या वर जातो. दुचाकीवरून दुपारी फिरावे लागणाऱ्याने या काळात लेझर घेऊच नये. नोव्हेंबर ते जानेवारी हा त्यासाठी योग्य काळ आहे. फक्त संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याच्या यात्रेत दिवसभर उन्हात असणार असाल, तर बैठक यात्रेनंतर घ्यावी. मायक्रोनीडलिंग पावसाळ्यातही चालते, पण ढग असले तरी अतिनील किरण पोहोचतातच, त्यामुळे सनस्क्रीन सोडता येत नाही. सावळ्या त्वचेला दृश्य प्रकाशही काळवंडवतो, म्हणून लोह ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन अधिक उपयोगी आहे. कडक भाकरीच्या व्यवसायात तासन्‌तास चुलीसमोर बसणाऱ्या महिलांना ऊन नसले तरी धग लागतेच, आणि धगीने वांग वाढतो. त्यांनी लेझरऐवजी सौम्य पील आणि मलमे यांवर भर द्यावा, आणि पीलनंतरचे काही दिवस चुलीपासून दूर राहता येईल अशी सोय आधी करावी.

खर्चाची तुलना एका बैठकीच्या दरावरून करू नये. स्वस्त दिसणाऱ्या सुयांच्या चार-पाच बैठका लागतात, महाग लेझरच्या कदाचित दोन-तीन. त्यात बुडालेल्या रोजगाराचे दिवसही धरावेत. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालयात, म्हणजे ‘सिव्हिल’मध्ये, त्वचारोग विभागात आधी तपासून घेतले, तर खड्ड्यांचा प्रकार तरी खात्रीने कळतो. ब्यूटी पार्लरमध्ये रक्त काढणारी कोणतीही प्रक्रिया करून घेऊ नये. ऑनलाइन मिळणाऱ्या घरगुती रोलरच्या सुया बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आतील असतात. त्या खड्ड्याच्या तळापर्यंत पोहोचत नाहीत, संसर्ग मात्र पोहोचवू शकतात.

सर्व विचारांती लेझरच घ्यायचे ठरले, तर पूर्ण चेहऱ्यापूर्वी कानापुढच्या किंवा जबड्याच्या कडेच्या छोट्या जागेवर चाचणी करून मागावी आणि चार आठवडे वाट पाहावी. ती जागा काळवंडली, तर उरलेल्या चेहऱ्यासाठी सुयांचा मार्ग धरावा.