कडा गेल्या, सोबत सेन्सरही गेला: मेसच्या धबडग्यात वापरलेला 6.7 इंची फोन

बोलता बोलता गालाने कॉल म्यूट होतो, ही तक्रार ऐकायला क्षुल्लक वाटते. ज्यांचं पोट फोनवर चालतं त्यांना ती तशी वाटणार नाही. माझी नवी पेठेत डब्यांची मेस आहे. स्पर्धा परीक्षांची मुलंमुली, नोकरीवाले आणि एकटे राहणारे काही आजी-आजोबा. सकाळी नऊ ते अकरा फोन खाली ठेवायला मिळत नाही. "काकू, आज डबा नको." "काकू, दोन पोळ्या जास्त द्या." "काकू, गावाला चाललोय, सोमवारपासून सुरू करा." हात कणकेत असतात, त्यामुळे फोन खांदा आणि कान यांच्यात धरून बोलते. वर्षानुवर्षं असंच चाललंय आणि आधीच्या फोनने कधी त्रास दिला नव्हता.

दिवाळीनंतर नवा घेतला, 21,999 ला. 6.7 इंची ओएलईडी स्क्रीन, सपाट काच, स्क्रीनभोवतीच्या कडा नावापुरत्या. प्रोसेसर, रॅम, मेगापिक्सेल यावर लिहीत नाही, ते सगळीकडे सापडेल आणि त्यात मला काही खोट दिसली नाही. लिहायचंय ते स्क्रीनच्या वरच्या पट्टीबद्दल, जी आता उरलेलीच नाही.

पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की कानाला लावला तरी स्क्रीन विझत नाही. विझली तरी मधेच उजळते. मग गाल लागतो आणि कधी म्यूट, कधी होल्ड, कधी कीपॅड उघडून नुसते आकडे पडत राहतात. एकदा एका आजोबांचा फोन आला. "उद्यापासून" एवढंच ऐकू आलं आणि आवाज गेला. होल्डचं बटण दाबलं गेलं होतं. त्यांनी आपलं म्हणणं पूर्ण सांगितलं, मला कळलं असं समजून फोन ठेवला आणि संध्याकाळीच मुलीकडे चिंचवडला गेले. मी नंतर फोन लावला तर लागला नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या पोऱ्याने नेहमीसारखा डबा दाराच्या कडीला अडकवला. संध्याकाळी रिकामा आणायला गेला तर भरलेला तसाच. वरण आंबलेलं, भाताला वास. एका डब्याचे पैसे गेले त्याचं एवढं नाही, पण शिजवलेलं अन्न टाकावं लागलं की माझा दिवस जातो.

माझा डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा आहे. लग्नानंतर त्याचा उपयोग मिक्सर आणि इस्त्री दुरुस्त करण्यापुरता उरला असला, तरी सेन्सर कसा चालतो हे विसरलेले नाही. जुन्या फोनमध्ये स्पीकरशेजारी काचेआड एक छोटा इन्फ्रारेड दिवा आणि त्याला लागून रिसीव्हर असायचा. दिव्याचा अदृश्य प्रकाश गालावर आपटून परत आला की फोनला कळायचं, समोर काहीतरी आलंय, स्क्रीन बंद करा. साधी, स्वस्त, भरवशाची सोय. तिला लागायची फक्त जागा.

जुना आणि नवा फोन शेजारी ठेवून पट्टीने मोजले. जुना 5.5 इंची, उंची-रुंदीचं प्रमाण 16:9. स्क्रीनची रुंदी 6.8 सेंटीमीटर, उंची 12.2. नवा 6.7 इंची, 20:9 चा. रुंदी 7, उंची 15.5. म्हणजे जाहिरातीत सव्वा इंचाची वाढ दिसते, पण रुंदी जेमतेम दोन मिलिमीटर वाढली आहे. सगळी वाढ उंचीची. इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपे मोजतात, त्यामुळे लांबुळकी स्क्रीन कागदावर मोठी दिसते. गंमत पुढे आहे. जुन्या फोनचं अख्खं अंग 15.2 सेंटीमीटर उंच होतं, नव्याचं 16.1. स्क्रीन सव्वातीन सेंटीमीटर वाढली आणि फोन जेमतेम एक सेंटीमीटर. बाकीची जागा वरच्या आणि खालच्या पट्टीतून काढली. त्या वरच्या दीड सेंटीमीटरमध्ये स्पीकर, कॅमेरा, सेन्सर आणि मिस्ड कॉल आला की लुकलुकणारा दिवा असे चौघे राहत होते. कॅमेऱ्याला स्क्रीनमध्ये भोक पाडून दिलं. स्पीकर काच आणि फ्रेम यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत सरकवला. दिवा गेला. सेन्सरचं काय केलं, ते मला सर्व्हिस सेंटरमध्ये कळलं.

पहिल्या फेरीत काउंटरवरच्या मुलाने अपडेट मारून दिला. दुसऱ्या फेरीत सांगितलं, "मॅडम, फॅक्टरी रिसेट करा." केलं. सगळी गिऱ्हाइकं, त्यांचे पत्ते, कुणाला लसूण चालत नाही, कुणाला भात नको, सगळं पुन्हा जमवत बसले. फरक शून्य. तिसऱ्या फेरीत म्हणे डिस्प्ले बदलावा लागेल, आणि स्पीकरच्या फटीत पीठ गेलंय, त्यामुळे वॉरंटीत बसणार नाही. खर्च 9,400. मी विचारलं, सेन्सर डिस्प्लेमध्ये असतो का? तो आत जाऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, ह्या मॉडेलला सेन्सर नाहीये. व्हर्च्युअल आहे."

मग नाही त्या सेन्सरसाठी 9,400 रुपयांचा डिस्प्ले कशाला, हे मी तिथेच मोठ्याने विचारलं. उत्तर मिळालं नाही. घरी येऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, तक्रार नोंदवली. त्यानंतर कंपनीकडून एका बाईंचा फोन आला. बोलायला चांगल्या होत्या, पण त्यांनी सांगितलं तेही एवढंच, की पुढच्या अपडेटमध्ये सुधारणा येईल. स्पेसिफिकेशनच्या पानावर खरंच "व्हर्च्युअल प्रॉक्सिमिटी" असं छापलेलं आहे, होकायंत्र आणि जायरो (फोन फिरल्याचं ओळखणारा सेन्सर) यांच्या ओळीत. प्रॉक्सिमिटी म्हणजे जवळ काही आलंय हे ओळखणं.

व्हर्च्युअल म्हणजे काय, ते सांगते. कानाचा स्पीकर 20 किलोहर्ट्झच्या वरचा, माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडतो. तो गालावर आपटून परत येतो, फोनचा माइक तो पकडतो. जोडीला फोन कानाकडे उचलल्याची हालचाल मोशन सेन्सर सांगतो. दोन्हींचा मेळ घालून सॉफ्टवेअर ठरवतं, की फोन कानाला लागलाय. वटवाघूळ अंधारात भिंत ओळखतं त्याच तत्त्वावर. शाओमीने 2016 साली "मी मिक्स" नावाचा फोन आणला तेव्हा तीन बाजूंच्या कडा काढल्या आणि इन्फ्रारेड सेन्सरऐवजी हीच अल्ट्रासाउंडची युक्ती वापरली. सेल्फी कॅमेराही खालच्या पट्टीत नेला होता. पुढच्या वर्षी ॲपलने आयफोन टेनमध्ये उलटी वाट धरली: कडा काढल्या, पण वर मधोमध खाच ठेवली आणि चेहरा ओळखायची सगळी सामग्री त्या खाचेत कोंबली. लोक खाचेला हसले. मला आता ती खाच प्रामाणिक वाटते. वस्तूला जागा लागते, ती दिली. त्यानंतर 2018 च्या विवो नेक्समध्ये आणि 2019 च्या वनप्लस 7 प्रोमध्ये कॅमेरा वरून बाहेर निघायचा. म्हणजे पुढची काच कोरी ठेवण्यासाठी आत मोटर बसवली. माझ्या स्वयंपाकघरात पिठाने तिचं काय झालं असतं, सांगायला नको.

अल्ट्रासाउंडची युक्ती सरळ उभं राहून, फोन नीट उचलून बोललात तर चालते. मी तपासलं. दिवाणखान्यात उभी राहून बोलले, की स्क्रीन दहातल्या नऊ वेळा गुमान विझते. पण फोन खांद्यात धरला की तो तिरका होतो आणि मान हलली की सॉफ्टवेअरला वाटतं, कानावरून काढला. स्कार्फ बांधला असेल तर आणखी वाईट. पुण्यात दुपारी गाडीवर जाणारी प्रत्येक बाई नाकाडोळ्यांपर्यंत स्कार्फ गुंडाळते. मऊ कापडावरून आवाज नीट परतत नाही. गाडी बाजूला घेऊन स्कार्फवरूनच फोन कानाला लावायचा, ही आपली रीत, आणि तिथे हा फोन हमखास फसतो. ज्यांनी त्याची चाचणी घेतली त्यांच्यात डोक्याला स्कार्फ बांधून टिळक रोडला उभी राहिलेली एकही बाई नसावी, असं मला मनापासून वाटतं.

आता ज्या गोष्टीने माझं मत थोडं बदललं ती. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास मोबाइल दुरुस्तीची दुकानं आहेत. चार्जिंगची वायर घ्यायला गेले होते, सहज फोन दाखवला. त्या मुलाने आधी स्क्रीनगार्ड काढला. गार्डची वरची कड स्पीकरच्या फटीवर चढली होती. मग दिव्याखाली फोन धरून, मऊ ब्रश अगदी आडवा फिरवून फट साफ केली. टेबलावरच्या काळ्या रबरी चटईवर पांढरी रेघ पडली, कणकेची. फुंकर मारायची नाही, पीठ आणखी आत जातं, असं त्याने दोनदा बजावलं. वरच्या बाजूला अर्धगोल कापलेला गार्ड लावला. एकूण दीडशे रुपये. त्या दिवसापासून त्रास निम्म्याहून कमी झाला, आणि समोरच्याचा आवाजही मोठा ऐकू यायला लागला. पीठ सर्व्हिस सेंटरलाही दिसलं होतं. त्यांनी ते वॉरंटी नाकारायला वापरलं, ब्रश कुणी घेतला नाही.

मी डोळे मिटून कडांना दोष देत होते, तोही सगळा खरा नाही. ओएलईडीला मागून उजेड देणारा दिवा, म्हणजे बॅकलाइट, लागत नाही, त्यामुळे इन्फ्रारेड सेन्सर स्क्रीनच्या खाली बसवता येतो, प्रकाश पिक्सेलांच्या मधून ये-जा करतो. महागड्या फोनांत तसा असतो. कडा बारीक ठेवूनही खरा सेन्सर देता येतो, फक्त तो भाग विकत घ्यावा लागतो. स्पीकर आणि माइक फोनमध्ये असतातच, त्यांच्याकडूनच काम भागवलं की तेवढे पैसे वाचतात. म्हणजे माझ्या 21,999 मध्ये कडा बारीक करण्याचे पैसे आहेत, कारण त्या दुकानात दिसतात. सेन्सरचे नाहीत, कारण तो दुकानात दिसत नाही. माझा राग आता कडांवरून उतरून इथे येऊन थांबलाय.

हेडफोनच्या भोकाचंही तेच. आयफोन 7 ने 2016 मध्ये ते काढलं तेव्हा लोक ओरडले, नंतर एकेक करत बाकीच्यांनीही काढलं. वायरचा हेडफोन असता तर खांद्यात फोन धरायची वेळच आली नसती. चार्जिंगच्या टाइप-सी भोकात वायरचा हेडफोन जोडायचा डोंगल घेतला, तो चाललाच नाही. काही फोन टाइप-सीतून थेट ॲनालॉग आवाज देतात, काही देत नाहीत. माझ्यासारख्यांना आत डीएसी चिप (डिजिटल आवाजाचा ॲनालॉग करणारी) असलेलाच डोंगल लागतो आणि तो महाग. शिवाय डोंगल लावला की चार्जिंग बंद. शेवटी गळ्यात अडकवायचा ब्लूटूथ नेकबँड घेतला, 1,100 रुपये. काम झालं, पण आणखी एक वस्तू रोज चार्ज करायची झाली. नेकबँड विसरला की फोन लावल्या लावल्या पॉवरचं बटण दाबते, स्क्रीन विझते, कॉल चालू राहतो. त्याआधी सेटिंगमध्ये जाऊन "पॉवर बटणाने कॉल कट करा" हे बंद आहे ना ते बघा.

इतकं सगळं लिहूनही स्क्रीनबद्दल वाईट बोलवत नाही. डब्यांची यादी गूगल शीटमध्ये ठेवते. जुन्या फोनवर सकाळची निम्मी नावं दिसायची, बाकीची खाली सरकवून बघताना एखादं सुटायचं. आता संपूर्ण सकाळची यादी एका नजरेत. सासूबाई अक्षरं मोठी करून पोथी वाचतात, त्यांना ओळ मधे तुटलेली आवडत नाही, उभ्या लांब स्क्रीनवर एक ओवी पूर्ण मावते. दुपारच्या उन्हात गेटपाशी उभं राहून पत्ता वाचता येतो. हे रोजचं सुख आहे आणि त्यासाठीच मी फोन विकला नाही.

हात लहान असणाऱ्यांना मात्र हा एका हाताने झेपणार नाही. पीएमपीच्या बसमध्ये एका हाताने दांडा धरून वरच्या कोपऱ्यातलं काही दाबायला गेलं की फोन तळहातातून कलतो, आणि बारीक कडांमुळे अंगठ्याचं मूळ काचेला लागून भलतंच उघडतं. जाड कडांचं कव्हर घातल्यावर हा दुसरा त्रास गेला, पण मग कडा बारीक करून मिळवलं काय? लहान फोन मागणारे आहेत, पण विकत घेणारे कमी. ॲपलने 5.4 इंचाचे मिनी आयफोन 2020 आणि 2021 असे दोनच वर्षं नवे आणले, 2022 च्या आयफोन 14 च्या मालिकेत त्याच्या जागी 6.7 इंचाचा प्लस आला.

गेल्या महिन्यात मुलीला फोन घ्यायचा होता. ह्या वेळी दुकानातच दुसऱ्या फोनवरून कॉल लावला, स्कार्फ बांधला, डेमोचा फोन खांद्यात धरला, मान हलवली. दोन मॉडेलं तिथेच बाद झाली. दुकानदाराने सुरुवातीला घड्याळ बघितलं, नंतर स्वतःच तिसरा काढून दिला: एलसीडी स्क्रीन, वर काच आणि फ्रेमच्या मधे सेन्सरची बारीक फट, खाली जाड पट्टी, हेडफोनचं 3.5 मिलिमीटरचं भोक शाबूत. किंमत 12,499. एलसीडीची जोडणी आणि बॅकलाइट खालच्या कडेला येतात म्हणून ती पट्टी तशी जाड राहते. मुलीला ती पट्टी अजिबात आवडली नाही, मैत्रिणींच्या फोनला नसते म्हणाली. स्क्रीन दर वेळी विझली. तोच घेतला, आणि त्याच्यासोबत तिचा जुना वायरचा हेडफोन चालतो म्हणून नवा घ्यावा लागला नाही.