निरामय आरोग्य विमा: माझा पहिला क्लेम

मला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी. वय 36, राहायला नागपूरच्या मानेवाड्यात. घरात वॉकरने चालते, बाहेर व्हीलचेअर. बोलते हळू, पण माझं मी बोलते.

निरामयच्या आधी एका खासगी कंपनीचा एजंट घरी आला होता. चहा घेतला, नाव-पत्ता लिहिला आणि 'आजार कधीपासून?' या रकान्यात मी 'जन्मापासून' म्हटल्यावर त्याने पेनाला टोपण लावलं. "साहेबांना विचारून सांगतो" म्हणाला, परत फोन नाही. म्हणून निरामय या सरकारी विम्याचं मला मोल आहे. तो नॅशनल ट्रस्ट ही केंद्र सरकारची संस्था काही दिव्यांगांसाठी चालवते. आधी कुठलीही वैद्यकीय तपासणी नाही, वय कितीही असो वर्गणी तीच. वर्षाला 1 लाखापर्यंत संरक्षण, आणि त्यात ओपीडी, तपासण्या, थेरपीसुद्धा. पहिल्या वर्षी 500 रुपये, पुढे नूतनीकरणाला 250. दारिद्र्यरेषेखालच्यांना 250 आणि 50. दवाखाना कुठलाही चालतो.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. तुम्ही कधीही नाव नोंदवा, वर्ष 31 मार्चलाच संपतं. मी पहिल्यांदा जानेवारीत नोंदवलं आणि मला तीनच महिने मिळाले. एप्रिल लागला की लगेच नोंदवा.

गेल्या जूनमध्ये माझी पाळी अठरा दिवस थांबली नाही. हिमोग्लोबिन 6.2 वर आलं. दोन दिवस भरती, एक पिशवी रक्त, सोनोग्राफी, औषधं. बिल झालं 17,860. निरामयमध्ये कॅशलेस नाही, आधी आपण भरायचं आणि मग बिलं जोडून मागायचं. आईने मावशीकडून पंधरा हजार उसने आणले. ज्यांना मावशी नाही त्यांनी काय करायचं, हा या विम्याचा माझ्या मते सगळ्यात मोठा कच्चा दुवा आहे. प्रत्येक प्रकारच्या उपचाराला वेगळी मर्यादाही आहे, म्हणून 1 लाख ऐकून हुरळून जाऊ नका. मला 13,200 मिळाले. ते माझ्या नावाच्या खात्यात आले, मेसेज माझ्या फोनवर आला. मावशीचे पैसे मी स्वतः तिच्या हातात दिले.

पण विमा बिलापासून सुरू होतो. बिलाच्या आधी जे घडलं त्याचे पैसे कोणी देत नाही.

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. तपासणीचं टेबल माझ्या छातीइतकं उंच होतं. खाली लोखंडी पायरी, एकच आणि हलणारी. दोन आया आल्या, एकीने काखेत हात घातला, दुसरीने पाय धरले. माझे पाय ताठरतात, घाबरले की जास्तच. "सैल सोड ना बाई" असं त्या म्हणत होत्या, जणू मी मुद्दाम करते आहे. पडदा अर्धाच ओढलेला होता. शेवटी आतून तपासणी झालीच नाही, पोटावरून सोनोग्राफी करून भागवलं.

मग डॉक्टरांनी आईकडे बघून विचारलं, "हिची पिशवीच काढून टाकायची का? तुमची कटकट जाईल." मी समोर बसले होते. आई म्हणाली, "तिलाच विचारा." 1994 साली शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींच्या गर्भपिशव्या पुण्याच्या ससूनमध्ये काढल्या होत्या, ती बातमी आईच्या मनातून गेलेली नाही. आता 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 10 आहे: माझ्या संमतीशिवाय मूल होण्याची शक्यता संपवणारा उपचार माझ्यावर करता येत नाही. त्याच कायद्याच्या कलम 25 मध्ये सरकारी आणि खासगी, सगळ्या दवाखान्यांत अडथळ्याविना प्रवेश आणि उपचारात प्राधान्य द्या असं म्हटलं आहे. उंबरठ्यावर रॅम्प बांधला की झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. त्या दवाखान्यातही रॅम्प होता, चांगला रुंद. टेबलापर्यंत पोचले, टेबलावर नाही.

माझी पोलिओची मैत्रीण पायाला आधाराचा कॅलिपर लावून शाळेत शिकवते. तिला निरामय मिळतच नाही, कारण तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुदिव्यांगता या चारांपुरताच आहे. 2016 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे प्रकार 21 आहेत. विमा नियामकाने 2023 मध्ये कंपन्यांना सांगितलं की दिव्यांगांसाठी पॉलिसी ठेवावीच लागेल, त्यामुळे ती आता खासगीत बघते आहे. मी तिला एवढंच सांगितलं की नकार आला तर तोंडी घेऊ नकोस, कागदावर माग.

निरामयला मी पाचपैकी साडेतीन देईन आणि दरवर्षी भरत राहीन.

माझी तपासणी अजून राहिली आहे. आता मी जायच्या आधी फोन करून टेबलाची उंची विचारते. माझ्या व्हीलचेअरची बैठक 19 इंच. पहिल्या दोन ठिकाणी "अहो, उचलून घेऊ ना" असं उत्तर मिळालं. परवा प्रतापनगरच्या एका सिस्टर म्हणाल्या, "थांबा ताई, टेप आणते." मोजून आल्या: टेबल 32 इंच, पण आतल्या खोलीतला कॉट खाली होतो, 20 पर्यंत. मंगळवारी अकराची वेळ घेतली आहे.