एसई८० ते इक्लिप्स : काही महिन्यांनंतर, फक्त अ‍ॅक्टिव्हेशनबद्दल

सॅपमध्ये (कंपन्यांचे व्यवहार चालवणारं सॉफ्टवेअर) वर्षानुवर्षं एसई८० वर, म्हणजे तिथल्या जुन्या प्रोग्रॅमिंग स्क्रीनवर, काम केलेल्या माणसाला इक्लिप्ससारख्या स्वतंत्र कोड एडिटरकडे वळवणं सोपं नसतं, आणि मी तर हट्टी लोकांतला. एबॅप (सॅपची प्रोग्रॅमिंग भाषा) डेव्हलपमेंट टूल्स, म्हणजे इक्लिप्समध्ये बसणारं आपलं एडीटी, २०१२ पासून आहे. ते मशीनवर होतंही, पण उघडायची वेळ क्वचित यायची. मग आरएपीवरचं, म्हणजे सॅपच्या नव्या पद्धतीने अ‍ॅप बांधायचं, काम आलं. बिहेवियर डेफिनिशन (डेटावर काय करता येईल याचे नियम), सर्व्हिस बाइंडिंग (सर्व्हिस बाहेर देण्याची जोडणी), सीडीएस व्ह्यू (टेबलांवरून बनवलेलं डेटाचं रूप) ही मंडळी एसई८० मध्ये लिहिताच येत नाहीत, त्यामुळे पर्याय उरला नाही. आता दिवसभर तेच उघडं असतं. ऑटोकम्प्लीट आणि रीनेमचं कौतुक सगळीकडे वाचायला मिळतं, ते खरंही आहे. पण माझ्या मते दोन्हींतला खरा फरक अ‍ॅक्टिव्हेशनमध्ये कळतो, म्हणून तेवढंच लिहितोय.

नवीन असाल तर थोडक्यात. सेव्ह केलं की तुमचा बदल इनअ‍ॅक्टिव्ह आवृत्ती म्हणून बाजूला राहतो, बाकी सिस्टिम जुन्या अ‍ॅक्टिव्ह आवृत्तीवरच चालते. कंट्रोल+एफ३ दाबल्यावर नवी आवृत्ती लागू होते. रिपोर्टच्या बाबतीत गोष्ट इथे संपते. डिक्शनरीत (टेबलं आणि फील्डच्या प्रकारांच्या व्याख्या ठेवायची जागा) मात्र त्याच दोन बटणांमागे बरंच काही घडतं. टेबल असेल तर डेटाबेसमध्ये खरोखरचं टेबल तयार होतं किंवा बदलतं. लॉक ऑब्जेक्ट (एकाच वेळी दोघांनी तोच डेटा बदलू नये म्हणून) असेल तर एन्क्यू आणि डीक्यूचे, म्हणजे कुलूप लावायचे आणि काढायचे, फंक्शन मॉड्यूल तयार होतात. डोमेन (फील्डचा मूळ प्रकार आणि लांबी) असेल तर ते वापरणारे डेटा एलिमेंट (त्या प्रकाराला दिलेला अर्थ आणि लेबल) आणि त्यांच्यावर उभी असलेली टेबलं, सगळ्यांना पुन्हा हात लागतो. शेकडो टेबलांत वापरलेल्या डोमेनची लांबी बदलायची असेल तर ते काम दुपारी मध्येच काढू नका, एवढंच सांगतो.

एसई८० मध्ये मला एकेक ऑब्जेक्ट पूर्ण करून अ‍ॅक्टिव्हेट करायची सवय होती. आरएपीत ती चालत नाही. ऑर्डर आणि तिच्या ओळी असं साधं उदाहरण घ्या. ऑर्डरच्या रूट व्ह्यूमध्ये ओळींच्या व्ह्यूकडे कॉम्पोझिशन (पॅरेंट-चाइल्ड असं नातं) लिहायचं आणि ओळींच्या व्ह्यूमध्ये 'असोसिएशन टू पॅरेंट' लिहून परत ऑर्डरकडे बोट दाखवायचं. आता रूट एकटा अ‍ॅक्टिव्हेट करायला जा, तो चाइल्ड मागतो. चाइल्ड करायला जा, तो पॅरेंट मागतो. दोन्ही लिहून नुसते सेव्ह करायचे, तोवर दिसणाऱ्या लाल खुणांकडे काणाडोळा करायचा, आणि कंट्रोल+शिफ्ट+एफ३ दाबून येणाऱ्या यादीत दोघांनाही टिक करायचं. एकत्र गेले की निमूट जातात. आमच्याकडे नवीन आलेली मुलं इथेच हमखास अडकतात आणि कॉम्पोझिशनची ओळ कॉमेंट करून मार्ग काढतात. त्यानेही काम होतं, पण गरज नसते.

हीच यादी मला एडीटीतली सर्वांत उपयोगी गोष्ट वाटते. प्रोजेक्ट एक्स्प्लोररमध्ये इनअ‍ॅक्टिव्ह ऑब्जेक्टवर छोटी खूण दिसते, त्यामुळे जेवायला उठण्याआधी एका नजरेत कळतं की काय अर्धवट राहिलंय. एसई८० मध्येही यादी होतीच, ट्रान्सपोर्टेबल (दुसऱ्या सिस्टिमवर नेण्याजोगे बदल) आणि लोकल अशा वेगळ्या टॅबमध्ये. पण ती अ‍ॅक्टिव्हेट करतानाच समोर यायची आणि आपण न वाचता हिरवी खूण दाबून मोकळे व्हायचो.

दुसरा रोजचा प्रसंग म्हणजे टेबलात एक फील्ड वाढवणं. ड्राफ्ट (अर्धवट भरलेला डेटा तात्पुरता साठवायची सोय) असलेल्या आरएपी ऑब्जेक्टमध्ये ते फील्ड टेबलातून सीडीएस व्ह्यूत, तिथून प्रोजेक्शनमध्ये (अ‍ॅपला लागतं तेवढंच दाखवणारा वरचा व्ह्यू), बिहेवियर डेफिनिशनच्या मॅपिंगमध्ये आणि ड्राफ्ट टेबलात असं सगळीकडे पोचवावं लागतं. ड्राफ्ट टेबल विसरलं तर बिहेवियर डेफिनिशन अ‍ॅक्टिव्हेट व्हायला नकार देतं. इथे कंट्रोल+१ जीव वाचवतो. ड्राफ्ट टेबलाच्या नावावर कर्सर नेऊन क्विक फिक्स मागितला की टेबलाची व्याख्या नव्याने लिहून मिळते, ती अ‍ॅक्टिव्हेट करायची आणि परत मागे यायचं. सर्व्हिस बाइंडिंगचं वेगळंच. ते अ‍ॅक्टिव्हेट झालं तरी सर्व्हिस बाहेर दिसत नाही, पब्लिशचं बटण निराळं दाबावं लागतं. ही पायरी कागदावर लिहून स्क्रीनला चिकटवलेले लोक मी पाहिलेत.

एररच्या बाबतीत एडीटी सरळ पुढे आहे. टाइप करतानाच चूक दिसते, आणि अ‍ॅक्टिव्हेशन फसलं तर प्रॉब्लेम्स व्ह्यूमधल्या ओळीवर डबल क्लिक करून थेट जागेवर जाता येतं. जुन्या वर्कबेंचमध्ये, म्हणजे एसई८० मध्ये, सिंटॅक्स एरर असताना 'तरीही अ‍ॅक्टिव्हेट करा' असा पर्याय यायचा. एकमेकांवर अवलंबून असलेल्या क्लासेससाठी तो कधीकधी लागतो, हे मान्य. पण घाईत तो दाबला गेला की इन्क्लूडमधल्या (मेन प्रोग्रॅमला जोडलेला कोडचा तुकडा) एका ओळीपायी अख्खा मेन प्रोग्रॅम बसतो आणि एसटी२२ मध्ये (बंद पडलेल्या प्रोग्रॅमच्या नोंदी दाखवणारी स्क्रीन) सिंटॅक्स एररचे डंप, म्हणजे त्या नोंदी, पडू लागतात. सगळं एकत्र अ‍ॅक्टिव्हेट करायची सवय लागल्यापासून त्या बटणाची गरजच उरली नाही.

टेबलांच्या बाबतीत मात्र मी अजून अर्धा जुन्याच घरात राहतो. टेबल कोडसारखं लिहिता येतं हे छानच आहे. एन्हान्समेंट कॅटेगरी (टेबल पुढे कसं वाढवता येईल ते) वरच अ‍ॅनोटेशनमध्ये दिसते, त्यामुळे एसई११ मध्ये (डिक्शनरीची जुनी स्क्रीन) मेनूत शिरून ती शोधणं आणि न भरल्याबद्दल दरवेळी वॉर्निंग खाणं संपलं. पण डेटा भरलेल्या टेबलात फील्डची लांबी कमी केली किंवा प्रायमरी कीमधलं फील्ड काढलं, तर नुसत्या अ‍ॅक्टिव्हेशनने भागत नाही, टेबल कन्व्हर्ट करावं, म्हणजे डेटा नव्या रचनेत हलवावा लागतो. आमच्या ऑन-प्रिमाइस (स्वतःच्या सर्व्हरवरच्या) सिस्टिमवर त्यासाठी मी अजूनही एसई१४ मध्येच (डेटाबेसमधली टेबलं सांभाळायची स्क्रीन) जातो. तिथे डेटा ठेवायचा की पुसायचा हे डोळ्यांसमोर असतं, आणि कन्व्हर्जन मध्येच तुटलं तर क्यूसीएमने सुरू होणारं तात्पुरतं टेबल मागे राहिलंय का हे तपासता येतं. तसं टेबल सापडलं तर ते कचरा समजून उडवू नका, बहुतेक वेळा तुमचा डेटा त्यातच असतो.

जुनी कामं सांभाळणाऱ्यांसाठी एक सूचना. डायनप्रो (जुन्या पद्धतीचे) स्क्रीन, जीयूआय स्टेटस (त्यांचे मेनू आणि बटणं), स्मार्टफॉर्म (छापायचे फॉर्म) यांसाठी एडीटी आतल्या आत सॅप जीयूआयचीच, म्हणजे सॅपच्या जुन्या डेस्कटॉप प्रोग्रॅमची, खिडकी उघडतं. चालतं, पण मग इक्लिप्स कशाला असं वाटत राहतं. तुमचं बहुतांश काम मॉड्यूल पूलवर (अशा स्क्रीनवर चालणारे प्रोग्रॅम) असेल तर बदलण्यात फार अर्थ नाही. उलट क्लासवर काम करणाऱ्यांनी तर लगेच यावं. सगळ्या मेथड एकाच सलग फाइलमध्ये दिसतात, आणि मेथडमागून मेथड अ‍ॅक्टिव्हेट करत बसावं लागत नाही.

एक गोष्ट कोणतंही टूल बदलत नाही. चालू सिस्टिममध्ये लोक काम करत असताना वापरातली स्ट्रक्चर किंवा क्लास नव्याने अ‍ॅक्टिव्हेट झाली, तर ज्यांचं सेशन जुन्या आवृत्तीवर उघडं आहे त्यांच्याकडे 'लोड प्रोग्रॅम क्लास मिसमॅच' छापाचे डंप पडू शकतात. एका प्रकल्पात भर दुपारी ट्रान्सपोर्ट (दुसऱ्या सिस्टिममधून आणलेला बदलांचा गठ्ठा) इम्पोर्ट केला गेला आणि त्यानंतर तासभर सगळे कोडमध्ये बग शोधत होते. कोड ठीक होता. लोकांनी लॉग ऑफ करून परत लॉग इन केलं आणि डंप थांबले.

तेव्हा इक्लिप्सवर या, पण एसई११ आणि एसई१४ फेव्हरिट्समधून काढू नका. आणि पहिल्याच आठवड्यात कंट्रोल+शिफ्ट+एफ३ बोटांत बसवून घ्या, बाकीचे शॉर्टकट सावकाश येतात.